पायाचे रक्त का अडते?

समजा, कुहीचा एक शेतकरी आहे. वय पन्नाशीच्या आसपास. सकाळी तो शेताकडे निघतो. दोनशे-तीनशे पावले चालला की त्याची पोटरी भरून येते. पोटरीत गोळा आल्यासारखे दुखते. तो बांधावर बसतो. थोड्या वेळात दुखणे थांबते. तो उठतो, चालू लागतो. तेवढेच अंतर गेले की पुन्हा तेच दुखणे.

सोबतचा गडी विचारतो, "काय जी भाऊ, थकले का?"

"पोटरी भरून येते, बापा. जरासा बसलो का बरं वाटते. वय झालं आता."

वय झाले, वात आला, असे आपण म्हणतो आणि सोडून देतो. पण नीट विचार करा. हे दुखणे चालल्यावर येते आणि थांबले की जाते. पुष्कळदा ते ठरावीक अंतरावरच येते. असे दुखणे म्हणजे पायाला रक्त कमी पडत असल्याची खूण असू शकते.

रक्ताचा पाट

धानाच्या बांधीला पाटाने पाणी येते. पाटात गाळ साचला तर शेवटच्या बांधीला पाणी पोचत नाही. तिथला धान आधी सुकतो. आपल्या शरीराचेही असेच आहे. हृदय रक्त ढकलते. ते ज्या नळ्यांतून जाते त्यांना रोहिणी म्हणतात. रक्त परत आणणाऱ्या नळ्यांना नीला म्हणतात. पाय हृदयापासून सर्वांत दूर. म्हणजे पाय ही शेवटची बांधी.

रोहिणीच्या आत चरबीचा थर साचतो. नळी अरुंद होते. बसलेल्या माणसाला थोडे रक्त पुरते. चालताना पोटरीला जास्त रक्त लागते. ते मिळत नाही, म्हणून ती दुखते. पुढे रात्री निजल्यावरही पाऊल दुखू लागते. बोटाला काटा रुतला तर जखम भरत नाही. बोट काळे पडते. मग बोट, कधी पायही, कापावा लागतो.

बिडी आणि खर्रा

नळी अरुंद होण्याची कारणे अनेक. साखरेचा आजार, वाढलेला रक्तदाब, वाढते वय. पण सर्वांत वाईट सवय तंबाखूची. आपल्या विदर्भाच्या जंगलात तेंदूपत्ता होतो. त्याची बिडी होते. ती ओढली की रक्ताच्या नळ्या आकसतात.

तंबाखूमुळे होणारा एक वेगळा आजारही आहे. न्यूयॉर्कचे डॉक्टर लिओ बर्गर यांनी १९०८ साली तो नीट वर्णन करून सांगितला. म्हणून त्याला बर्गरचा आजार म्हणतात. तो बहुधा तरुण माणसांना होतो. हातापायांच्या लहान नळ्या सुजतात आणि त्यांत रक्त गोठते. यात एकच मोठा उपाय आहे. तंबाखू पूर्ण सोडणे. दिवसाला एक बिडीही नको. बिडी सोडून खर्रा खाल्ला, तर तोही चालत नाही. खऱ्र्यातही तंबाखूच असते.

राखणदार चुकतो तेव्हा

विळा लागला की रक्त येते आणि थोड्या वेळात गोठते. हे गोठणे चांगले. त्यामुळे आपला जीव वाचतो. पण काहींचे रक्त जखम नसतानाही आत गोठते.

असे का होते? आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारे राखणदार असतात. शेतात जागल करणारा गडी अंधारात आपल्याच बैलाला चोर समजून काठी मारतो, तसे हे राखणदार कधी कधी चुकतात. ते आपल्याच शरीरावर उठतात. मग रक्तात गाठी होतात. लंडनचे डॉक्टर ग्रॅहम ह्यूज यांनी हा आजार १९८३ साली जगापुढे मांडला. तो स्त्रियांत जास्त आढळतो.

गाठ नीलेत झाली तर बहुधा एकच पाय सुजतो, दुखतो, गरम लागतो. आपल्या भागात हत्तीपाय आहे, म्हणून सुजलेला पाय पाहून लोक हत्तीपायच समजतात. पण हत्तीपाय हळूहळू वाढतो. गाठीची सूज एक-दोन दिवसांतही येते. ही गाठ सुटून फुप्फुसात गेली तर दम लागतो, छातीत दुखते, जीवही जाऊ शकतो.

या आजारात काही बायांचा गर्भ पुन्हा पुन्हा पडतो. घरातले लोक सुनेला बोल लावतात. नजर लागली म्हणतात. त्या बाईचा यात काडीचाही दोष नसतो. तिचे रक्त तपासावे. तपासणीत दोष निघाला तर निदान बारा आठवड्यांनी पुन्हा तपासतात. मग गरोदरपणात ॲस्पिरिनची गोळी आणि हेपॅरिनचे इंजेक्शन देतात. या उपचाराने अनेकींची कूस उजवली आहे.

रक्त पातळ ठेवण्याचे औषध आपल्या मनाने सुरू करू नये, बंदही करू नये. वॉरफरिनची गोळी चालू असेल आणि मूल हवे असेल, तर आधीच डॉक्टरांना सांगावे. ती गोळी गर्भाला बाधते.

घाई केव्हा करावी?

पाय एकाएकी थंड, पांढरा पडला, फार दुखू लागला, बधिर झाला, तर रोहिणीत गाठ अडकली असे समजा. सहा तासांच्या आत उपचार मिळाला तर पाय वाचण्याची आशा जास्त. सकाळची वाट पाहू नका. १०८ नंबरला फोन करा. दम लागला किंवा छातीत दुखले तरी हेच करा. नागपूरला मेडिकल आहे, मेयो आहे, एम्स आहे. जन आरोग्य योजनेत खर्च बसतो का, हे तिथे विचारा.

चालताना पोटरी दुखत असेल तर आधी कुहीच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. डॉक्टर पावलाची नाडी पाहतात. हाताचा आणि घोट्याचा रक्तदाब मोजून ताडून पाहतात. त्याला कापाकापी लागत नाही. वेळेवर गेले तर गोळ्यांनी आणि रोज चालण्याने पुष्कळांना आराम पडतो. दुखेपर्यंत चालावे, थांबावे, पुन्हा चालावे. गरज पडली तर अरुंद नळी आतून फुगा घालून रुंद करतात.

एवढे लक्षात ठेवा

थंड पाय शेकोटीजवळ किंवा गरम पाण्यात शेकू नका. बधिर पायाला भाजलेले कळत नाही.
अनवाणी शेतात जाऊ नका. रोज रात्री पावले पाहा.
बिडी, खर्रा, तंबाखू आजच सोडा.
साखर आणि रक्तदाब तपासून घ्या.

आणि तो शेतकरी? त्याने "वय झालं" म्हणून बसून राहू नये. पाटात गाळ साचला तर आपण धान सुकेपर्यंत थांबत नाही. पायासाठी तरी का थांबावे?