संगणकाची रोजकीर्द आणि प्रामाणिक माणसाची अब्रू

मालवणच्या बंदरावर एखाद्या जुन्या तांडेलाला विचारा, जहाजाचा वेग कशात मोजतात? उत्तर येईल, ‘नॉट’मध्ये. नॉट म्हणजे गाठ. पूर्वी युरोपीय जहाजांवर दोरीला ठरावीक अंतरावर गाठी मारीत, तिच्या टोकाला लाकडाचा तुकडा बांधून तो समुद्रात सोडीत आणि वाळूचे लहान घड्याळ रिकामे होईपर्यंत किती गाठी हातातून सरकल्या ते मोजीत. त्या लाकडाला इंग्रजीत ‘लॉग’ म्हणत. मोजलेला वेग, वाऱ्याची दिशा आणि वाटेत घडलेली प्रत्येक गोष्ट ज्या वहीत लिहीत, ती वही ‘लॉगबुक’ झाली. जहाजाला अपघात झाला तर चौकशीत ही वही महत्त्वाचा पुरावा ठरत असे.

तोच शब्द आज आपल्या दुकानातील संगणकात येऊन बसला आहे. बिल करणारा प्रोग्राम, वजनकाट्याला जोडलेला प्रोग्राम, मोबाइलवरचे पैसे घेण्याचे ॲप, ही सर्व आपापली रोजकीर्द स्वतःच लिहीत असतात. किती वाजता सुरू झालो, कोणते काम केले, कोठे अडखळलो, कोणाशी संपर्क तुटला, याच्या ओळी एका फाइलमध्ये पडत जातात. हीच लॉग फाइल. आपल्या कीर्द-खतावणीत मालाचा आणि पैशाचा हिशेब असतो; या वहीत यंत्राच्या प्रकृतीचा हिशेब असतो. बहुतेक व्यापारी बंधूंनी ती कधी उघडलेली नसेल. पण वेळ आली की तिच्यावर एखाद्या माणसाची अब्रू अवलंबून असते.

चार हजार कोठे गेले?

एक उदाहरण कल्पून पाहू. बाजारपेठेत जाळी, दोर आणि इंजिनाचे सुटे भाग विकणारे एक दुकान आहे. ऑगस्टच्या सुरुवातीला मासेमारीची बंदी उठली, गिऱ्हाइकांची रीघ लागली, त्यात पावसाने वीज जात-येत होती. रात्री गल्ला मोजला तर संगणकाच्या हिशेबापेक्षा चार हजार रुपये कमी. मालकाची नजर आपोआप काउंटरवरच्या पोराकडे वळते. पोरगा शपथा घेतो, पण पुरावा काय देणार?

आता लॉग पाहा. ५ वाजून ४२ मिनिटांनी संगणक अचानक बंद पडल्याची नोंद. ५ वाजून ४६ मिनिटांनी पुन्हा सुरू. ५ वाजून ४७ मिनिटांनी प्रोग्रामने अर्धवट राहिलेले चार हजारांचे बिल स्वतःहून दुसऱ्यांदा नोंदले. माल एकदाच गेला, पैसे एकदाच आले, हिशेबात मात्र विक्री दोनदा चढली. गल्ल्यातून एक रुपयाही गेलेला नाही. तीन ओळींनी पोरगा निर्दोष ठरला. त्या ओळी मिटल्या असत्या तर तो आयुष्यभर ‘चोर’ म्हणून ओळखला गेला असता.

विलायतेतील पोस्टमास्तरांची कहाणी

हे उदाहरण कल्पनेतले आहे. पण याहून फार मोठ्या प्रमाणावर ते ब्रिटनमध्ये प्रत्यक्ष घडले. तेथे लहान दुकानदार आपल्या दुकानातच पोस्टाचा काउंटर चालवतात. त्यांना सब-पोस्टमास्तर म्हणतात. त्यांत भारतीय वंशाची अनेक कुटुंबे आहेत. १९९९ पासून पोस्ट ऑफिसने या काउंटरांवर ‘होरायझन’ नावाची संगणक प्रणाली बसवली. ती चालवण्याचे काम फुजित्सू कंपनीकडे होते. लवकरच गावोगावच्या दुकानदारांच्या हिशेबात तूट दिसू लागली. तूट भरून देण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकण्यात आली. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक जणांना चोरी, खोटे हिशेब अशा आरोपांखाली दोषी ठरवले गेले. काही तुरुंगात गेले, अनेकांचे दिवाळे निघाले. ब्रिडलिंग्टनच्या ली कॅसलटन यांनी मदतकेंद्राला पुन्हा पुन्हा फोन करून यंत्रात दोष आहे असे सांगितले होते. तरीही २००७ साली न्यायालयात ते हरले आणि दिवाळखोर झाले.

दोष यंत्रात होता. स्कॉटलंडमधील फॉलकर्क येथल्या कॅलेंडर स्क्वेअर शाखेचे प्रकरण आपण समजून घेण्यासारखे आहे. तेथे एका काउंटरने केलेली नोंद कधी कधी दुसऱ्या काउंटरला दिसत नसे, त्यामुळे रकमेची एकच बदली दोनदा नोंदली जाई. असे होताना यंत्राच्या लॉगमध्ये बिघाडाच्या ओळी पडत होत्या. यंत्र आपला दोष स्वतः लिहून ठेवीत होते. तरी तो काही वर्षे तसाच राहिला आणि २००६ मध्ये दुरुस्त झाला. शिवाय आढळलेल्या दोषांची एक वेगळी यादी फुजित्सूकडे होती; ती सब-पोस्टमास्तरांना पाहता येत नसे. ज्याच्यावर आरोप, त्याच्याच हातात साक्ष नाही, अशी ही स्थिती होती.

त्यात ब्रिटनमध्ये २००० सालापासून कायद्याची रीत अशी झाली होती की, उलट पुरावा येईपर्यंत संगणक बरोबर चालत होता असेच न्यायालयाने धरायचे. ज्याला लॉग मिळत नाही त्याने हा उलट पुरावा आणायचा कोठून?

वेल्समधील ॲलन बेट्स यांनी ५५५ जणांना एकत्र केले आणि दावा लावला. १६ डिसेंबर २०१९ रोजी न्यायमूर्ती फ्रेझर यांनी होरायझनमध्ये हिशेबात तूट निर्माण करणारे दोष होते असा निकाल दिला. २३ एप्रिल २०२१ रोजी अपील न्यायालयाने ३९ जणांची शिक्षा रद्द केली. मे २०२४ मध्ये ब्रिटिश संसदेला अशा शिक्षा सरसकट रद्द करण्यासाठी खास कायदा करावा लागला. तोपर्यंत कित्येक जण वारले होते.

या प्रकरणाचा आपल्यासाठी धडा साधा आहे. माणसावर आळ घेण्याआधी यंत्राची साक्ष वाचा. त्यासाठी ती साक्ष पूर्ण जपलेली असली पाहिजे आणि आपल्या हाती असली पाहिजे.

गाळणी लावायची, पण केव्हा?

लॉग उघडला की पहिली अडचण येते ती गर्दीची. एका दिवसात हजारो ओळी पडतात. जाळे ओढले की मासळीबरोबर शेवाळ, शंख, प्लास्टिक सर्वच वर येते, निवडावे लागते. लॉगचेही तसेच आहे.

१९८० च्या दशकात अमेरिकेतील बर्कले येथे एरिक ऑलमन यांनी ‘सिसलॉग’ ही पद्धत तयार केली. तिच्यात प्रत्येक ओळीला गांभीर्याचा दर्जा असतो. असे आठ दर्जे आहेत. शून्य म्हणजे यंत्रच निकामी, तीन म्हणजे चूक, चार म्हणजे इशारा, सहा म्हणजे साधी माहिती आणि सात म्हणजे केवळ दुरुस्ती करणाऱ्याच्या उपयोगाचा बारीक तपशील. आजही बहुतेक प्रोग्राम असाच दर्जा लावतात.

गाळणी दोन ठिकाणी लावता येते: ओळ लिहितानाच किंवा नंतर वाचताना. लिहिताना फार बारीक गाळणी लावली तर जे गळून गेले ते पुन्हा मिळत नाही. अगदीच मोकळे सोडले तर डिस्क भरते आणि यंत्र मंदावते. म्हणून मध्यम मार्ग असा: नेहमीसाठी ‘माहिती’ दर्जापर्यंतच्या सर्व ओळी लिहू द्याव्यात. सातव्या दर्जाचा बारीक तपशील बिघाड शोधायचा असेल तेवढ्यापुरताच सुरू करावा आणि काम झाले की बंद करावा. खरी निवड वाचताना करावी.

वाचताना चार चाळण्या उपयोगी पडतात. पहिली वेळेची: घोळ झाला त्याच्या दहा मिनिटे आधीपासून दहा मिनिटे नंतरपर्यंतच्या ओळी घ्या. दुसरी गांभीर्याची, तिसरी कोणत्या प्रोग्रामने ओळ लिहिली याची, आणि चौथी बिल क्रमांकाची. मात्र नुसत्या ‘चूक’ दर्जाच्या ओळी पाहून थांबू नका. कारण पुष्कळदा आधीच्या एखाद्या साध्या ‘माहिती’च्या ओळीत दडलेले असते. वरच्या उदाहरणात बिल दुसऱ्यांदा चढल्याची ओळ यंत्राच्या दृष्टीने चूक नव्हतीच. त्याने ती साधी माहिती म्हणून लिहिली असती.

आपल्या दुकानात काय करावे?

विंडोज संगणकात ‘इव्हेंट व्ह्यूअर’ नावाचा प्रोग्राम आधीपासूनच असतो. त्यात ‘विंडोज लॉग्ज’खाली ‘सिस्टीम’ आणि ‘ॲप्लिकेशन’ अशा दोन मुख्य वह्या आहेत. ‘फिल्टर करंट लॉग’ दाबले की वेळ, दर्जा आणि क्रमांक देऊन ओळी गाळता येतात. सिस्टीमच्या वहीत क्रमांक ४१ किंवा ६००८ ची ओळ दिसली तर संगणक नीट बंद न होता मध्येच थांबला होता असे समजावे. वीज गेली असेल किंवा यंत्र गोठले असेल. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे दोन क्रमांक लक्षात ठेवण्यासारखे आहेत.

या वह्यांची मर्यादा बहुधा २० मेगाबाइट ठेवलेली असते. ती भरली की जुन्या ओळी पुसून नव्या लिहिल्या जातात. म्हणून घोळ लक्षात येताच, त्याच दिवशी, पूर्ण लॉगची प्रत काढून पेनड्राइव्हवर ठेवावी. संगणक फॉरमॅट करण्याची घाई करू नये. फॉरमॅट केला की साक्षही गेली.

दोन-तीन संगणक असतील तर सर्वांची घड्याळे जुळलेली हवीत. एकाचे घड्याळ सात मिनिटे पुढे असेल तर कोणती गोष्ट आधी घडली हे कोणालाच सांगता येणार नाही.

बिलाचे सॉफ्टवेअर घेतानाच विक्रेत्याला विचारावे: लॉग कोठे पडतो, किती दिवस राहतो आणि मला त्याची प्रत मिळेल का? ‘तो आमच्याकडेच असतो’ एवढेच उत्तर आले तर सौदा करण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

दुरुस्तीसाठी लॉग बाहेर पाठवताना मात्र दुसरी गाळणी हवी. त्यात गिऱ्हाइकांचे मोबाइल क्रमांक, नावे, कधी पासवर्डसुद्धा असू शकतात. मे २०१८ मध्ये ट्विटरसारख्या कंपनीच्या अंतर्गत लॉगमध्ये पासवर्ड उघडे लिहिले जात असल्याचे आढळले आणि कंपनीने आपल्या सर्व, म्हणजे ३३ कोटींहून अधिक, वापरकर्त्यांना पासवर्ड बदलण्याची सूचना केली. म्हणून पाठवायच्या प्रतीत मोबाइलचे आकडे झाकून फुल्या घालाव्यात आणि मूळ प्रत जशीच्या तशी आपल्याकडे ठेवावी. मूळ प्रतीत एक अक्षरही बदलू नये.

कायदा काय म्हणतो?

यंत्राच्या प्रकृतीच्या लॉगबरोबरच हिशेबातील फेरफारांचा लॉगही असतो. तो ठेवणे ही केवळ सोय राहिलेली नाही. जीएसटीच्या २०१७ च्या नियमांतील ५६ व्या नियमानुसार हिशेब संगणकावर ठेवले असतील तर बदललेल्या किंवा काढून टाकलेल्या प्रत्येक नोंदीचा लॉग ठेवावा लागतो. हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने सांभाळायची आहेत. ज्यांचा धंदा कंपनी म्हणून नोंदलेला आहे त्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये १ एप्रिल २०२३ पासून बदलांची नोंद ठेवणारी आणि बंद न करता येणारी सोय सक्तीची झाली आहे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तर सर्व्हरवरील लॉगचा उल्लेख दस्तऐवजाच्या उदाहरणांतच आहे. म्हणजे ज्या फाइलकडे आपण केर म्हणून पाहतो, ती न्यायालयात कागदाच्या बरोबरीने पुढे ठेवता येते. त्यासाठी ठरावीक प्रमाणपत्र जोडावे लागते, ते वकिलाकडून समजून घ्यावे.

आपल्या वाडवडिलांनी कीर्द लिहिताना खाडाखोड केली नाही. चुकले तर वर रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहिला, म्हणजे चूकही दिसावी आणि दुरुस्तीही दिसावी. संगणकाच्या वहीला हाच दंडक लावायचा आहे. आज दुकान बंद करण्यापूर्वी आपल्या संगणकाचा लॉग एकदा उघडून पाहा आणि त्याची प्रत काढून ठेवा. उद्या गल्ला कमी भरला, तर काउंटरवरच्या पोराला काही बोलण्याआधी ती प्रत वाचता येईल.