मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना ही शेतीपंपांना दिवसा वीज मिळावी, यासाठी महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये सुरू केलेली योजना आहे. ग्रामीण वीज उपकेंद्रांच्या जवळ लहान सौर प्रकल्प उभारून त्यांतील वीज शेतीच्या वाहिन्यांना पुरविणे, हे तिचे स्वरूप होय. वाहिनी म्हणजे उपकेंद्रातून निघणारी ११ किलोव्होल्टची तार. खेड्यापाड्यांत तिला 'फीडर' असेच म्हणतात. २०२३ मध्ये योजनेचा विस्तारित दुसरा टप्पा, 'मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०', सुरू झाला.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात विजेचा प्रश्न तारा न पोहोचण्याचा फारसा उरलेला नाही. तो वीज कोणत्या वेळी येते याचा आहे. महावितरणच्या शेतीपंपधारक ग्राहकांची संख्या ४० लाखांहून अधिक आहे. हे सर्व पंप एकाच वेळी चालू झाले, तर यंत्रणेवर न पेलणारा भार येतो. म्हणून थ्री फेज वीज पाळीपाळीने दिली जाते: काही दिवस दिवसा ८ तास, तर काही दिवस रात्री सुमारे १० तास. रात्रपाळीच्या आठवड्यात शेतकऱ्याला कडाक्याच्या थंडीत, बॅटरीच्या उजेडात गव्हाला किंवा कांद्याला पाणी देण्यासाठी दारे धरावी लागतात. सर्पदंश आणि विहिरीवर वा मोटारीपाशी विजेचा धक्का बसणे, हे या कामातील नेहमीचे धोके होत. पुणे जिल्ह्यात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या तालुक्यांत त्यांत बिबट्याची भर पडते. दिवसा वीज मिळावी ही तेथील शेतकऱ्यांची मागणी त्यामुळे केवळ सोयीची नाही.

रात्री जागायचे नसेल, तर अनेक जण मोटारीला ऑटो-स्टार्टर बसवितात. वीज येताच वाहिनीवरील सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात आणि रोहित्र, म्हणजेच गावाच्या बोलीतील 'डीपी', जळते. ते दुरुस्त होऊन येईपर्यंत उभे पीक वाळते.

प्रश्नाची दुसरी बाजू पैशांची आहे. शेतीला सवलतीच्या दराने दिलेल्या विजेचा तोटा काही अंशी शासनाच्या अनुदानातून, तर काही अंशी औद्योगिक आणि व्यापारी ग्राहकांच्या चढ्या दरातून भरून काढला जातो. या व्यवस्थेस 'क्रॉस सबसिडी' म्हणतात. चाकण औद्योगिक पट्ट्यातील निघोजे आणि महाळुंगे ही गावे खेड तालुक्यातच येतात. तेथील कारखान्यांच्या वीजबिलाचा संबंध त्याच तालुक्यातील कांद्याच्या शेताशी असा जोडलेला आहे. शेतीसाठी घ्यावी लागणारी वीज स्वस्त झाली, तर उद्योगांवरील हा भार हलका करता येईल, असा योजनेमागील आर्थिक विचार आहे.

कार्यपद्धती

या योजनेत शेतकऱ्याच्या विहिरीवर काहीही बसवावे लागत नाही. त्याची मोटार, स्टार्टर आणि तार तीच राहते. बदलतो तो विजेचा उगम. ३३/११ किलोव्होल्ट उपकेंद्रापासून काही किलोमीटरच्या आत सौर पॅनेलांचे शेत उभे राहते आणि तेथील वीज थेट उपकेंद्रात येते. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही योजना यापेक्षा वेगळी आहे. तीत प्रत्येक शेतकऱ्याच्या बांधावर स्वतंत्र पॅनेल आणि पंप बसविला जातो. दोन्ही योजनांची गल्लत वारंवार होते.

१ मेगावॅटच्या प्रकल्पासाठी साधारणपणे ४ ते ५ एकर जमीन लागते. ५ अश्वशक्तीची मोटार सुमारे ३.७ किलोवॅट वीज घेते. म्हणजे १ मेगावॅटवर भर दुपारी अडीचशेच्या आसपास मोटारी चालू शकतात. हा कागदावरचा हिशेब आहे. सकाळी, सायंकाळी आणि ढगाळ हवेत ही संख्या बरीच खाली येते. वीज गावाजवळच तयार होऊन तेथेच वापरली जात असल्याने दूरच्या औष्णिक केंद्रातून ती वाहून आणताना होणारी गळती मात्र टळते. रब्बीत, जेव्हा पाण्याची खरी निकड असते, तेव्हा आकाश बहुधा निरभ्र असते, हा निसर्गाचा मेळही योजनेच्या पथ्यावर पडतो.

वाटचाल

राळेगणसिद्धी (तत्कालीन अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा) आणि कोळंबी (यवतमाळ जिल्हा) येथील प्रकल्प प्रायोगिक म्हणून हाती घेण्यात आले. तत्पूर्वी महानिर्मितीने धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील शिवाजीनगर येथे १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारला होता. पण तो एका ठिकाणी एकवटलेला मोठा प्रकल्प होता. प्रत्येक उपकेंद्रापाशी छोटा प्रकल्प ही कल्पना त्याच्या उलट दिशेची आहे.

पहिल्या टप्प्याची गती संथ राहिली. मुख्य अडचण जमिनीची होती: उपकेंद्राजवळची, सलग आणि वादमुक्त जमीन मिळणे सोपे नसते. दुसऱ्या टप्प्यात खासगी जमिनीचे भाडे हेक्टरी वार्षिक १ लाख २५ हजार रुपये आणि त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ, असे ठरविण्यात आले. कोरडवाहू, खडकाळ जमीन असलेल्या कुटुंबाला ही रक्कम पिकापेक्षा अधिक खात्रीची वाटते. शासकीय जमिनीही उपलब्ध करून देण्यात आल्या. केंद्र शासनाच्या २०१९ मधील 'पीएम-कुसुम' योजनेतील वाहिन्यांच्या सौरीकरणाच्या घटकाची जोड मिळाली आणि 'एमएसईबी सोलर अ‍ॅग्रो पॉवर लिमिटेड' ही स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. निविदांमध्ये विजेचा दर प्रतियुनिट ३ रुपयांच्या आसपास आला. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील धोंदलगाव (वैजापूर तालुका) येथील प्रकल्प दुसऱ्या टप्प्यातील पहिल्या प्रकल्पांपैकी होय. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीम येथील कार्यक्रमात एकूण १९ मेगावॅट क्षमतेच्या पाच प्रकल्पांचे लोकार्पण पंतप्रधानांच्या हस्ते झाले.

इतर देशांतील स्थिती

सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत सुमारे ६० कोटी लोकांच्या घरी अद्याप वीज नाही. ऊन मात्र मुबलक आहे. बुर्किना फासो या देशाने राजधानी वागाडुगूजवळ झागतुली येथे ३३ मेगावॅटचा प्रकल्प २०१७ मध्ये सुरू केला. तेथे मोठी उणीव तारांच्या जाळ्याची आहे, म्हणून शहराजवळचा मोठा प्रकल्प दूरच्या खेड्याला आपोआप उपयोगी पडत नाही. महाराष्ट्राकडे हे जाळे आधीच होते, आणि म्हणूनच वाहिनीवर आधारित योजना आखता आली.

मर्यादा आणि आक्षेप

वीज साठविण्याची सोय नसेल, तर असा प्रकल्प सूर्यास्तानंतर निरुपयोगी ठरतो. वाहिनी बंद पडली, की सुरक्षेसाठी प्रकल्पातील इन्व्हर्टरही आपोआप बंद होतात. त्यामुळे लखलखीत उन्हातही तार तुटल्यास मोटार चालत नाही. जुनी रोहित्रे आणि लोंबकळणाऱ्या तारा तशाच राहिल्या, तर केवळ सौर विजेने पुरवठा सुधारत नाही. उन्हाळ्यात पॅनेलांवर धूळ बसून उत्पादन घटते आणि ती धुण्यासाठी पाणी लागते, तेही नेमके टंचाईच्या दिवसांत.

गायरान जमिनी प्रकल्पांना देण्यास काही गावांतून विरोध झाला आहे. ज्यांच्याकडे स्वतःची जमीन नाही, पण शेळ्या-मेंढ्या आहेत, त्यांना भाड्याचा लाभ मिळत नाही; चराई मात्र जाते. भूजलाचा प्रश्नही आहे. जुलै २०२४ मध्ये जाहीर झालेल्या बळीराजा मोफत वीज योजनेनुसार ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे. दिवसा आणि विनामूल्य वीज मिळू लागल्यावर उपसा वाढण्याची शक्यता असते. आजवर रात्रीची गैरसोय हाच त्यावरचा एक अनिष्ट अंकुश होता.