शेततळ्यातील सूक्ष्मजीव आणि मत्स्यसंवर्धन

सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस, आणि तोही बेभरवशाचा! अशा परिस्थितीत द्राक्ष व डाळिंबाच्या बागा जगविण्यासाठी येथील शेतकऱ्याने शेततळ्याचा आश्रय घेतला. २०१६ साली राज्य शासनाने ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सुरू केली आणि अशा तळ्यांना मोठी चालना मिळाली. साठविलेल्या पाण्यात कटला, रोहू व मृगळ हे मासे सोडून जोडउत्पन्न मिळविण्याकडे आता अनेकांचा कल झाला आहे.

परंतु या धंद्यात एक मोठा धोका आहे. सायंकाळपर्यंत चपळपणे फिरणारे मासे पहाटे पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडझाप करू लागतात आणि सूर्योदयापर्यंत त्यांतील पुष्कळसे मरून तरंगतात. एका रात्रीत वर्षाचे उत्पन्न बुडते. शेजाऱ्याने पाण्यात विष कालविले असावे, असा संशय अशा वेळी घेतला जातो. बहुतेक प्रसंगी याचे कारण पाण्यातच असते व ते डोळ्यांना दिसत नाही. ते समजून घेणे हाच या लेखाचा हेतू आहे.

समुद्राने शिकविलेला धडा

पृथ्वीवर वनस्पतींच्या द्वारे जेवढे अन्न तयार होते, त्यांपैकी जवळजवळ निम्मे समुद्रातील सूक्ष्म वनस्पती तयार करतात. या तरंगत्या सूक्ष्म जीवांना प्लवक म्हणतात. वनस्पती-प्लवकावर प्राणी-प्लवक जगते, प्राणी-प्लवकावर लहान मासे व लहान माशांवर मोठे मासे जगतात. गोव्यात दोनापावला येथे असलेल्या व १९६६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत सागरी सूक्ष्मजीवांचाही अभ्यास चालतो.

हे ज्ञान मत्स्यसंवर्धनात कसे उपयोगी पडते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे कोकणात आवडीने खाल्ला जाणारा जिताडा. चेन्नई येथील केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यपालन संस्थेने १९९७ साली या माशाचे बीज बंदिस्त जागेत निर्माण करण्यात यश मिळविले. जिताड्याचे नवजात पिलू इतके लहान असते की, त्याला पेंड किंवा कोंडा खाता येत नाही. म्हणून बीजोत्पादन केंद्रात प्रथम सूक्ष्म शेवाळ वाढवितात, त्या शेवाळावर रोटिफर नावाचे सूक्ष्म प्राणी पोसतात आणि मग ते पिलांना खाऊ घालतात. आधी पाणी पिकवावयाचे व नंतर मासा, असा हा क्रम आहे. शेततळ्यालाही तोच लागू पडतो.

दुसरा धडा कोळंबीने शिकविला. १९९४ च्या सुमारास आपल्या देशाच्या किनाऱ्यावरील कोळंबी तळ्यांत पांढऱ्या ठिपक्यांचा रोग शिरला व अनेक संवर्धक कर्जबाजारी झाले. हा रोग विषाणूमुळे होतो आणि विषाणूवर प्रतिजैविक औषधांची मात्रा चालत नाही. उलट, अशा औषधांच्या अनिर्बंध वापराने रोगकारक जीवाणू निर्ढावतात. क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान यांसारख्या औषधांना मत्स्यसंवर्धनात बंदी आहे, हे प्रत्येकाने ध्यानात ठेवावे. स्वच्छ बीज, माफक दाटी व पाण्यातील उपकारक जीवाणूंचे रक्षण यांवर तेव्हापासून अधिक भर देण्यात येऊ लागला.

तळ्यात रात्री काय घडते?

दिवसा सूर्यप्रकाशात हिरवे प्लवक प्राणवायू तयार करते. रात्री मात्र तेच प्लवक, मासे व जीवाणू असे सर्वजण प्राणवायू वापरतात. साहजिकच सूर्योदयापूर्वी पाण्यातील प्राणवायू सर्वांत कमी असतो. एक लिटर पाण्यात ५ मिलिग्रॅम किंवा अधिक प्राणवायू असल्यास मासे चांगले वाढतात. तो ३ मिलिग्रॅमच्या खाली गेला की ते कासावीस होतात. त्यातच पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंश तपमानाच्या पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, तर ३० अंशांच्या पाण्यात सुमारे साडेसात. म्हणून सोलापूरच्या उन्हाळ्यात, तसेच आभाळ भरून आलेल्या दिवसांत, विशेष सावध राहावे लागते.

दुसरा शत्रू म्हणजे अमोनिया. खाल्लेल्या खाद्यातील नत्राचा बराचसा भाग मासे कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने बाहेर टाकतात. न खाल्लेली पेंड कुजूनही तो तयार होतो. जमिनीत नत्रखताचे रूपांतर करणारे जीवाणू आपणास ठाऊक आहेत. रशियन शास्त्रज्ञ विनोग्राडस्की यांनी १८९० च्या सुमारास त्यांचे कार्य उलगडून दाखविले. त्यांचेच भाईबंद पाण्यात अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. या कामाला त्यांना प्राणवायू लागतो व चिकटून राहावयास आधार लागतो.

गावतळ्यात हा आधार चिखल देतो. आपल्या शेततळ्याला मात्र प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असतो. तेथे माती नाही, म्हणून चिखलातील जीवाणूंची वस्तीही नाही. कागदाच्या तळ्यात मासे मरण्याचा धोका वाढण्याचे हे एक प्रमुख कारण होय.

उसाच्या चिपाडाचा उपयोग

ही उणीव काही अंशी भरून काढण्याचा सोपा मार्ग आपल्या ऊसपट्ट्यात हाताशी आहे. मंगळूर येथील मत्स्य महाविद्यालयातील संशोधकांनी उसाचे चिपाड, भाताचा पेंढा व जलपर्णी ही तिन्ही पाण्यात ठेवून त्यांवर जीवाणूंचा थर वाढविला. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात उसाचे चिपाड सर्वांत सरस ठरले. असा थर रोहूसारखे मासे खरवडून खातात व तोच थर पाणी शुद्ध करण्यासही हातभार लावतो. चिपाडाच्या लहान जुड्या बांधून दोरीने पाण्यात अधांतरी टांगाव्यात. कागदाला टोचतील अशा काठ्या रोवू नयेत. सुरुवात थोड्या जुड्यांनी करावी, कारण एकदम पुष्कळ चिपाड टाकल्यास ते कुजताना प्राणवायू खाते.

प्रत्यक्ष काय करावे?

३० मीटर लांब व ३० मीटर रुंद तळ्याचे क्षेत्र सुमारे नऊ गुंठे भरते. त्यात बोटभर लांबीची सुमारे ४०० बोटुकली पुरेशी होत. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात व मृगळ तळाशी चरतो. कागदाच्या तळ्यात चिखल नसल्यामुळे मृगळ कमी ठेवावा. कटला १६०, रोहू १६० व मृगळ ८० असे प्रमाण घेता येईल. चिलापीचे बीज मिसळलेले नाही, याची खात्री करून घ्यावी. हा मासा झपाट्याने वाढून इतरांचे अन्न बळकावतो. उजनी जलाशयात त्याचा किती प्रसार झाला आहे, हे भीमाकाठच्या मच्छीमारांना विचारावे.

बीज सोडण्यापूर्वी थोडे कुजलेले शेण पाण्यात कालवून शिंपडावे व पाण्याला फिकट हिरवा रंग येऊ द्यावा. चुना मात्र पाणी तपासल्याखेरीज टाकू नये, कारण आपल्याकडील बरेचसे विहिरींचे पाणी मुळातच क्षारयुक्त असते. कोपरापर्यंत हात पाण्यात बुडवून तळवा पाहावा. तळवा अंधुक दिसला तर पाणी योग्य. मनगट बुडताच तळवा दिसेनासा झाला, तर प्लवक फाजील झाले असे समजून शेण व खाद्य दोन्ही थांबवावीत.

भुईमुगाची पेंड व भाताचा कोंडा समभाग मिसळून माशांच्या एकूण वजनाच्या शेकडा २ इतके खाद्य रोज द्यावे. प्रत्येकी १०० ग्रॅमचे ४०० मासे म्हणजे ४० किलो; त्यांना ८०० ग्रॅम खाद्य पुरते. आभाळ आलेल्या दिवशी ते निम्मे करावे. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडताना दिसल्यास खाद्य बंद करून पंपाने तळ्यातीलच पाणी उंचावरून फवाऱ्यासारखे सोडावे व शक्य असल्यास ताजे पाणी घालावे.

बागायतदारांनी आणखी एक दक्षता घ्यावी. बोर्डो मिश्रणातील मोरचूद प्लवक व मासे या दोहोंना विषारी आहे. फवारणीचे पंप किंवा टाक्या तळ्याच्या काठी कदापि धुऊ नयेत. तसेच हिरवे पाणी ठिबकला देताना गाळणी वारंवार साफ करावी. या पाण्यातील नत्र पिकाला मिळते, हा त्यातील लाभ होय.

बाजारात उपकारक जीवाणूंच्या पुड्या मिळतात. त्या उपयोगी पडू शकतात, परंतु खाऱ्या पाण्यासाठी तयार केलेले जीवाणू गोड्या पाण्यात तितकेच काम करतील असे नाही. आणि जास्तीच्या खाद्याची चूक कोणतीही पुडी भरून काढीत नाही.

ग्राम-कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वीच तळेधारकांना एकत्र बोलावून तळव्याची ही परीक्षा काठावर करून दाखवावी. फेब्रुवारीनंतर पाणी उतरू लागले की मोठे मासे टप्प्याटप्प्याने विकावेत. आटत्या पाण्यात दाटी वाढू देणे म्हणजे पहाटेच्या संकटाला आमंत्रण देणे होय. जो शेतकरी रोज सकाळी प्रथम पाण्याचा रंग पाहतो आणि मग खाद्याच्या पोत्याला हात घालतो, त्याचे तळे सहसा दगा देत नाही.