पऱ्हाटीचा मांडव आणि पडलेला वारा

आदिलाबाद जिल्ह्यातल्या इंद्रवेल्लीत बर्फ पडत नाही. त्यामुळे थंडीनं झाडं मरतात हे बाहेरच्या माणसाला पटवून द्यावं लागतं. इथल्या परसात राबणाऱ्या बायांना मात्र ते पाठ असतं. मार्गशीर्षात वारा पडला आणि आभाळ मोकळं झालं, की सकाळी तुळस, टोमॅटो, पपईची कोवळी पानं उकडल्यासारखी काळी दिसतात.

मागच्या हिवाळ्यांत 2018 चा डिसेंबर ठळक आठवतो. 29 तारखेला नागपुरात 3.5 अंश नोंदले गेले आणि 1937 चा 3.9 चा उच्चांक, खरं तर नीचांक, मोडला. निफाडचा पारा दोनच्याही खाली गेला, द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्या. आदिलाबादही त्याच कडाक्यात होतं. उत्तरेचा वारा काही राज्याची सीमा पाहून थांबत नाही. पूर्वी आपल्या कानावर यायचा तो आदिलाबाद शहराचाच आकडा. गेल्या दशकात मंडळवार स्वयंचलित केंद्रांचे आकडे छापून येऊ लागले आणि अर्ली (टी), सिरपूर (यू) ही नावं हिवाळ्यात तेलंगणभर ऐकू येऊ लागली.

आकडे वाढले, पण वाफ्यातलं दुखणं त्यात मावत नाही. केंद्रातला तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरभर उंच, पेटीत असतो. निरभ्र, निवांत रात्री पान आपली ऊब आभाळाला देत राहतं, म्हणून जमिनीलगत पारा त्याहून तीन-चार अंशांनीही खाली असू शकतो. शिवाय गार हवा जड. ती उतारावरून ओघळून सखलात साचते. नाल्याकाठची वांगी जळतात, टेकाडावरची वाचतात, ते यामुळेच.

या सगळ्या वर्षांत शेकोटीवर सर्वांत जास्त विश्वास ठेवला गेला, आणि माझ्या मते तो थोडा फाजील होता. धुरानं ऊब अडत नाही. कामी येते ती आच, तीही एका मोठ्या जाळापेक्षा जागोजागच्या लहान शेकोट्यांची. खरा आधार साधाच: थंडीची चाहूल लागताच संध्याकाळी पाणी. ओली माती दिवसाची ऊब साठवते आणि रात्री सोडते. त्यावर पऱ्हाटीचा किंवा तुराट्यांचा मांडव, त्यावर बारदान किंवा जुनं लुगडं, पानांना न टेकता जमिनीपर्यंत सोडलेलं. पातळ प्लास्टिक मात्र नको; त्यातून ऊब निसटते आणि जिथं ते पानाला चिकटतं तिथं पान जळतं. ऊन आलं की झाकण काढायचं.

एक घाई मात्र दरवर्षी दिसते: काळी फांदी सकाळीच कापून टाकायची. ती आतल्या डोळ्यांना आडोसा देते. शेजारच्या केसलापूरची नागोबा जत्रा पुष्य अमावस्येला असते. 2019 मध्ये ती 4 फेब्रुवारीला आली होती. जत्रा होऊन थंडी ओसरेपर्यंत कात्री लावू नका.