पेशीजीवशास्त्राचे स्वयंगती ऑनलाइन अध्यापन

पेशीजीवशास्त्राचे स्वयंगती ऑनलाइन अध्यापन ही सुमारे तेरा ते अठरा वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांना पेशीची रचना, कार्ये आणि विभाजन आंतरजालावरील पाठांद्वारे शिकवण्याची पद्धत आहे. या पद्धतीत सर्व विद्यार्थ्यांनी एकाच वेळी एकच पाठ शिकण्याचे बंधन नसते. प्रत्येक विद्यार्थी चित्रफिती, सचित्र मजकूर, आभासी प्रयोग आणि प्रश्नावली यांचा उपयोग आपल्या सोयीच्या वेळी व आपल्या वेगाने करतो. ठरलेल्या वेळी शिक्षक पडद्यावर येऊन शिकवतात त्या थेट ऑनलाइन तासाहून ही पद्धत वेगळी आहे.

बहुतेक पेशी नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत आणि त्यांच्यातील घडामोडी अखंड चालू असतात. त्यामुळे चित्र थांबवणे, मागे नेणे आणि पुन्हा पाहणे ही सोय या विषयात विशेष उपयोगी पडते. मात्र एकट्याने शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या मनात चुकीची कल्पना रुजली, तर ती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणूनच अशा अभ्यासक्रमाची गुणवत्ता चित्रफितींच्या संख्येपेक्षा आकलन तपासण्याच्या व्यवस्थेवर अधिक अवलंबून असते.

पार्श्वभूमी

स्वतःच्या वेगाने शिकण्याची कल्पना आंतरजालाहून जुनी आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ सिडनी प्रेसी यांनी १९२० च्या दशकात प्रश्न विचारून उत्तर लगेच तपासणारे यंत्र तयार केले. १९५० च्या दशकात बी. एफ. स्किनर यांनी क्रमान्वित अध्ययनाचा पुरस्कार केला. त्यात आशय लहान लहान पायऱ्यांत विभागला जाई आणि प्रत्येक पायरीवर विद्यार्थ्याला उत्तर द्यावे लागे.

फ्रेड केलर यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या योजनेत प्रत्येक घटकाची चाचणी उत्तीर्ण झाल्यावरच पुढील घटक मिळत असे. वेळेचे बंधन मात्र नव्हते. त्याच वर्षी बेंजामिन ब्लूम यांनी प्रभुत्व अध्ययनाची मांडणी केली. पुरेसा वेळ आणि योग्य साहाय्य मिळाल्यास बहुसंख्य विद्यार्थी अपेक्षित पातळी गाठू शकतात, हे तिचे मुख्य प्रतिपादन आहे. आजचे स्वयंगती अभ्यासक्रम या दोन्ही विचारांचे वारसदार आहेत.

२००८ मध्ये स्थापन झालेल्या खान अकॅडमीने लहान चित्रफिती आणि सराव यांची जोड लोकप्रिय केली. भारतात २०१७ मध्ये केंद्र शासनाचे 'स्वयम्' आणि 'दीक्षा' हे मंच सुरू झाले. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोड स्कॅन केल्यावर दीक्षावरील पूरक साहित्य उघडते. मार्च २०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीमुळे शाळा बंद झाल्यावर या साधनांचा वापर एकाएकी वाढला.

अभ्यासक्रमातील स्थान

महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवीच्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात 'पेशी व पेशीअंगके' हा पाठ आहे. त्याच वर्षीच्या दहावीच्या पुस्तकात पेशीस्तरावरील श्वसन, पेशीविभाजन आणि मूलपेशी यांची माहिती येते. अकरावीच्या जीवशास्त्रात पेशीरचना, जैवरेणू व पेशीविभाजन यांचा सविस्तर अभ्यास असतो. एकच विषय अशा रीतीने चढत्या क्रमाने पुन्हा पुन्हा येत असल्याने मागील इयत्तेतील गैरसमज पुढील इयत्तेत अडथळा ठरतो. स्वयंगती अभ्यासक्रमात मागील इयत्तेचा पाठ पुन्हा उघडता येतो, हा त्याचा मोठा लाभ आहे.

अध्यापनातील प्रमुख अडचणी

आकारमान

पाठ्यपुस्तकात पेशी, जीवाणू, रायबोसोम आणि रेणू यांच्या आकृत्या जवळपास सारख्याच आकाराच्या छापलेल्या असतात. परिणामी अनेक विद्यार्थ्यांना पेशी आणि रेणू यांच्या आकारांतील तफावत कळत नाही. गालाच्या आतील त्वचेची सुमारे ५० मायक्रोमीटर रुंदीची पेशी दहा हजार पट मोठी केली, असे मानल्यास पुढील प्रमाण मिळते:

- गालाची पेशी: सुमारे ५० सेंटिमीटर
- २ मायक्रोमीटर लांबीचा जीवाणू: सुमारे २ सेंटिमीटर
- रायबोसोम: सुमारे पाव मिलिमीटर
- पाण्याचा रेणू: मिलिमीटरचा सुमारे तीन हजारांश भाग

ही तुलना पडद्यावर प्रभावीपणे दाखवता येते. अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या एका संवादी पानावर सरकपट्टी हलवताच कॉफीच्या बीपासून कार्बनच्या अणूपर्यंतचा प्रवास दिसतो. विद्यार्थी तो हवा तितका सावकाश करू शकतो.

गती आणि गर्दी

सचेतन चित्रफितींमुळे पेशीतील हालचाल दिसते. पण त्यांतून नवे गैरसमजही निर्माण होऊ शकतात. हार्वर्ड विद्यापीठासाठी २००६ मध्ये तयार झालेल्या 'द इनर लाइफ ऑफ द सेल' या प्रसिद्ध चित्रफितीत प्रथिनांचे रेणू मोकळ्या जागेत संथपणे, जणू हेतुपूर्वक चालताना दिसतात. प्रत्यक्ष पेशीत रेणूंची दाटी असते आणि ते सतत एकमेकांवर आदळत असतात. अशी चित्रफीत दाखवताना 'यात काय सोपे करून दाखवले आहे?' हा प्रश्न सोबत द्यावा लागतो.

पाठाची रचना: परासरणाचे उदाहरण

परासरण हा पेशीजीवशास्त्रातील कठीण समजला जाणारा घटक आहे. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ घातल्यावर थोड्याच वेळात पाणी सुटते, हा घरोघरचा अनुभव त्याची सुरुवात म्हणून वापरता येतो. मीठ काकडीच्या ओल्या पृष्ठभागावर विरघळते आणि पेशींबाहेर तीव्र द्रावण तयार होते. पेशीपटलातून पाण्याचे रेणू दोन्ही दिशांना जात असतात. परंतु आत येणाऱ्या रेणूंपेक्षा बाहेर जाणारे रेणू अधिक असल्याने एकंदरीत पाणी बाहेर पडते.

चांगल्या स्वयंगती पाठात हे स्पष्टीकरण प्रारंभी दिले जात नाही. त्याची सर्वसाधारण मांडणी पुढीलप्रमाणे असते:

१. भाकीत: बेदाणे साध्या पाण्यात आणि साखरेच्या घट्ट पाकात ठेवल्यास काय होईल, हे विद्यार्थी आधी लिहितो.
२. निरीक्षण: तो घरी प्रयोग करतो आणि काही तासांनी बेदाण्यांचा आकार पाहतो.
३. स्पष्टीकरण: चार-पाच मिनिटांची चित्रफीत किंवा छोटा सचित्र मजकूर वाचून तो आपले भाकीत तपासतो.
४. कारणासह चाचणी: उत्तराबरोबरच त्यामागील कारणही त्याला निवडावे लागते.
५. उजळणी: काही दिवसांनी तेच तत्त्व वेगळ्या उदाहरणातून विचारले जाते.

यांतील चौथी पायरी निर्णायक असते. अमेरिकी संशोधक ओडम आणि बॅरो यांनी १९९५ मध्ये विसरण व परासरण यांवर अशी द्विस्तरीय चाचणी प्रसिद्ध केली. पहिल्या स्तरावर उत्तर आणि दुसऱ्या स्तरावर त्याचे कारण, असे तिचे स्वरूप आहे. बेदाणे साध्या पाण्यात फुगतात, हे उत्तर बरोबर देणारा विद्यार्थी 'दोन्ही बाजू सारख्या झाल्यावर रेणू थांबतात' असे चुकीचे कारण देऊ शकतो. वस्तुतः समतोलानंतरही रेणूंची ये-जा चालूच राहते. केवळ दोन्ही दिशांचे प्रमाण समान होते. फक्त उत्तर तपासणारी प्रश्नावली अशा विद्यार्थ्याला पूर्ण गुण देते आणि त्याचा गैरसमज तसाच राहतो. कारण तपासणारी प्रश्नावली त्याला रेणूंच्या हालचालीवरील पूरक पाठाकडे वळवते.

पाचव्या पायरीलाही संशोधनाचा आधार आहे. वाचलेला मजकूर पुन्हा वाचण्यापेक्षा तो आठवून लिहिल्यास दीर्घकाळ लक्षात राहतो, असे रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६ मधील प्रयोगांत दिसून आले.

प्रयोग आणि निरीक्षण

ओलॅब्ज या संकेतस्थळावर माध्यमिक व उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांसाठी आभासी प्रयोग उपलब्ध आहेत. अमृता विश्व विद्यापीठम् आणि सी-डॅक यांनी ते विकसित केले आहे. कांद्याच्या पातळ पापुद्र्याची आणि गालाच्या पेशींची स्लाइड तयार करणे यांसारख्या कृती त्यावर पाहता व करून बघता येतात.

पेशीविभाजनासाठी छायाचित्रांचा उपयोग होतो. कांद्याच्या मुळाच्या टोकाच्या छायाचित्रातील शंभर पेशी मोजून विद्यार्थी त्यांची पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था आणि विभाजन न होणारी अवस्था अशी वर्गवारी करतो. बहुतेक पेशी शेवटच्या गटात आढळतात. पेशी आपल्या आयुष्यातील अधिक काळ त्या अवस्थेत असते, हा निष्कर्ष त्याला स्वतः काढता येतो.

तरीही आभासी स्लाइड प्रत्यक्ष स्लाइडची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाही. पडद्यावरील पेशी नेहमी स्वच्छ, रंगीत आणि मधोमध असते. प्रत्यक्ष स्लाइडमध्ये हवेचे बुडबुडे असतात, पापुद्रा दुमडतो, आणि पेशी कोणती हे शोधावे लागते. मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये जगापुढे आणलेला फोल्डस्कोप हा घडी घालून तयार होणारा कागदी सूक्ष्मदर्शक सुमारे १४० पट मोठी प्रतिमा दाखवू शकतो. अशा स्वस्त साधनामुळे घरी शिकणाऱ्या विद्यार्थ्यालाही कांद्याच्या पेशी प्रत्यक्ष पाहता येतात.

भाषेचा प्रश्न

मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांना आंतरजालावर इंग्रजी आणि हिंदी साहित्य अधिक सापडते. हिंदीत पेशीला 'कोशिका' म्हणतात, तर 'पेशी' हा शब्द स्नायूसाठी वापरला जातो. त्यामुळे हिंदी चित्रफितीतील 'पेशीय ऊतक' म्हणजे स्नायू ऊती, हे मराठी विद्यार्थ्याला कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही.

दुसरी अडचण दहावीनंतर उद्भवते. मराठीतून तंतुकणिका, हरितलवक आणि लयकारिका शिकलेला विद्यार्थी अकरावी विज्ञान शाखेत गेल्यावर त्याला मायटोकॉन्ड्रिया, क्लोरोप्लास्ट आणि लायसोसोम ही नावे वापरावी लागतात. त्याला संकल्पना येत असते. अडते ते नावापाशी. प्रत्येक संज्ञेबरोबर दोन्ही भाषांतील नाव, उच्चाराचा ध्वनी आणि आकृती देणारा शब्दसंग्रह या टप्प्यावर उपयुक्त ठरतो.

मर्यादा

स्वयंगती अभ्यासक्रम पूर्ण न करता मध्येच सोडून देणाऱ्यांचे प्रमाण मोठे असते. किशोरवयीन विद्यार्थ्यांना स्वतःचे वेळापत्रक आखण्याची आणि ते पाळण्याची सवय नसल्यास 'स्वतःचा वेग' म्हणजे लांबणीवर टाकणे, असा अर्थ होऊ शकतो. त्यासाठी घटकांच्या अंतिम तारखा लवचीक परंतु निश्चित ठेवल्या जातात.

साधनांची विषमता ही अधिक गंभीर मर्यादा आहे. ज्या घरात एकच स्मार्टफोन आहे आणि तो कमावत्या व्यक्तीबरोबर दिवसभर बाहेर असतो, तेथील विद्यार्थ्याचा वेग तो स्वतः ठरवत नाही. फोन घरी येण्याची वेळ ठरवते. आधी उतरवून घेता येणारे पाठ, कमी डेटा लागणारे मजकूर व आकृत्या आणि शाळेतील संगणक कक्ष यांमुळे ही अडचण काही अंशी कमी होते.

शिक्षकाची भूमिका

या पद्धतीत शिक्षकाचे काम संपत नाही, तर बदलते. माहिती सांगण्याचा वेळ वाचल्याने तो विद्यार्थ्यांची उत्तरे वाचण्यासाठी वापरता येतो. कोणता विद्यार्थी कोणत्या घटकावर अडला आहे आणि त्याने कोणते कारण दिले आहे, हे पाहून शिक्षक त्याच्याशी स्वतंत्रपणे बोलू शकतात. विद्यार्थ्याने हाताने काढलेली पेशीची आकृती आणि स्वतःच्या शब्दांत लिहिलेले स्पष्टीकरण यांतून जे उमगते, ते पर्यायी प्रश्नांच्या गुणांतून सहसा कळत नाही. त्यामुळे अनेक शाळा स्वयंगती पाठ आणि आठवड्यातील प्रत्यक्ष भेट किंवा प्रयोगतास यांची सांगड घालतात.

हेही पहा

- पेशी
- परासरण
- सूत्री विभाजन
- सूक्ष्मदर्शक
- दूरशिक्षण