घराण्यांतील चिजा व सर्वांचा हक्क

महाड तालुक्यांतील शिवथरची घळ हें दासबोधाचें जन्मस्थान होय, अशी परंपरा आहे. धुळ्याच्या सत्कार्योत्तेजक सभेचे कै. शंकर श्रीकृष्ण देव यांनीं १९३० सालीं ती घळ उजेडांत आणिली. तत्पूर्वीं, १९०५ सालीं, त्यांनीं डोमगांव मठांतील कल्याणस्वामींच्या हातच्या प्रतीवरून दासबोध छापिला. मठांत पूजिल्या जाणाऱ्या पोथीचा पाठ त्यामुळें सर्व अभ्यासकांस मिळाला.

संगीतांत हेंच कार्य कै. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनीं केलें. उस्ताद ज्या चिजा परक्यास सहसा देत नसत, त्या त्यांनीं मिळवून स्वरलिपींत उतरविल्या. ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत त्या मराठींत प्रसिद्ध झाल्या. त्यांवरील भातखंडे यांचा लेखनहक्क आतां संपला आहे.

ध्वनिमुद्रिकेचा हक्क प्रचलित कायद्यान्वयें प्रकाशनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षें चालतो. म्हणजे खांसाहेब अब्दुल करीम खां (मृत्यु १९३७) यांच्या हयातींत निघालेल्या तबकड्यांवरील हा हक्कहि उरलेला नाहीं.

परंतु हक्क संपला म्हणजे वस्तु हातीं आली, असें होत नाहीं. जुनी तबकडी लाखेची व ठिसूळ. ती एखाद्या संग्राहकाच्या कपाटांतच फुटली, तर कायद्यानें दिलेली मोकळीक व्यर्थ होय. मठांतील पोथी नकलेवांचून कोणाच्याच उपयोगी पडत नसे, तशीच ही गोष्ट. यास्तव तबकड्यांच्या व स्वरलिपींच्या प्रती करून त्या विनामूल्य खुल्या ठेवणें, हें काम आम्ही पोथीसंशोधनाइतकेंच निकडीचें मानितों.