विश्लेषण : थंडीत बाहेर काढलेल्या जुन्या लेदर बॅगेचे करायचे काय?

कार्तिक पौर्णिमेच्या सुमारास कौंडण्यपूरला, रुक्मिणीच्या माहेरी, यात्रा भरते. वर्धा नदीच्या काठावर पहाटे अंगावरची शाल सोडवत नाही आणि दुपारी तीच नकोशी होते. वऱ्हाडातल्या हिवाळ्याचा हा स्वभावच. त्यामुळे इथली हिवाळी स्टाइल जाड कोटावर नव्हे, तर काढ-घाल करता येणाऱ्या कपड्यांवर चालते. आणि काढलेली शाल मावेल अशी मोठी बॅग लागतेच. याच दिवसांत कपाटातली लेदर बॅग बाहेर निघते किंवा मोबाइलवर एखाद्या नामांकित ब्रँडची सेकंडहँड बॅग स्वस्तात दिसते. दोन्हींची अवस्था बहुधा सारखीच : पांढरी बुरशी, कडक झालेला पट्टा, उसवलेली शिवण. दुरुस्तीवर पैसे घालावेत का, हा खरा प्रश्न.

आधी काय तपासावे?

ब्रँड खरा आहे का, यापेक्षा लेदर खरे आहे का, हे महत्त्वाचे. बाहेरून पापुद्रे सुटत असतील तर ते बहुधा पॉलियुरेथेनचे, म्हणजे ‘पीयू’चे आवरण. हवेतला ओलावा या प्लास्टिकच्या रेणूंच्या साखळ्या तोडत जातो आणि ही झीज भरून काढता येत नाही. अशा बॅगेवर खर्च करू नये. काही अस्सल महागड्या बॅगांचे अस्तरही असेच चिकट होऊन सुटते. अस्तर मात्र बदलता येते. ब्रँडचा क्रमांक पाहून निश्चिंत होण्यातही अर्थ नाही. लुई व्हिटॉनने २०२१ मध्ये तारखेचे कोड बंद करून चिप बसवायला सुरुवात केली. जुने कोड छापणे नकली माल बनवणाऱ्यांनाही जमत होतेच.

लेदर खराब का होते?

लेदर म्हणजे कोलॅजनच्या तंतूंचे जाळे. चामडे कमावताना त्यात तेल-चरबी मुरवतात, म्हणून हे तंतू एकमेकांवर सरकतात आणि बॅग लवचिक राहते. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता बरेच दिवस ७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला आयते घर मिळते. हिवाळ्यातली कोरडी हवा उलट ओलावा ओढून घेते आणि घडीच्या जागी तडे जातात. वऱ्हाडातली बॅग वर्षभरात दोन्ही मार खाते.

घरी काय करता येईल?

बुरशी घराबाहेर, नाकाला रुमाल बांधून, कोरड्या मऊ ब्रशने झाडावी. मग बॅग वाऱ्यावर, पण सावलीत ठेवावी. कडक उन्हात लेदर आक्रसते. लेदर किंचित आम्लधर्मी असते, त्यामुळे कपड्यांचा साबण किंवा सोडा त्याला मानवत नाही. खोबरेल तेलाचा घरगुती उपाय तर टाळावाच. ते साधारण २४ अंशांखाली थिजते, हे डिसेंबरातली बाटली पाहिलेल्या कोणालाही ठाऊक आहे. लेदरमध्ये मुरलेली चरबीही थंडीत पांढरट होऊन वर येऊ शकते. शिवाय लेदर काळवंडते आणि वासही खवट येतो. लेदर कंडिशनर आधी दिसणार नाही अशा कोपऱ्यात लावून दिवसभर थांबावे, मग सगळीकडे पातळ हात द्यावा. पट्टा मऊ होईल. पडलेला तडा मात्र कंडिशनरने सांधला जात नाही, फार तर रंगाने झाकला जातो.

शिवण कोणाकडे द्यावी?

मशीनच्या टाक्यात दोन दोरे एकमेकांत अडकलेले असतात. एक तुटला की शिवण उसवत जाते. हाताच्या टाक्यात एकाच दोऱ्याची दोन टोके दोन सुयांनी एकाच भोकातून समोरासमोर जातात, त्यामुळे एक टाका तुटला तरी बाकीचे धरून राहतात. एर्मेसच्या बॅगा याच टाक्यासाठी नावाजल्या जातात. आरी आणि मेणाचा दोरा वापरणारा गावातला चर्मकारही दुहेरी टाका घालतो, पण त्याच्या कामाला भाव मिळत नाही. जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, तेव्हा वाद पेटला तो याच दुखण्यावरून.

काम देताना एवढेच सांगावे की टाके जुन्याच भोकांतून घ्या. नवी भोके पाडली तर कडा पोस्टाच्या तिकिटासारखी फाटते. मूळ बक्कल, चेन फेकू नयेत. पुढे विकताना त्यांचीच किंमत होते.

बॅग ठेवताना आत जुने सुती कापड भरावे, वरून प्लास्टिकची पिशवी घालू नये. यात्रेहून परतल्यावर दवाने ओलसर झालेली शाल बॅगेत तशीच राहू देऊ नये.